काचेतलं नाव

देसल्यांच्या घरात गेले तीन दिवस सगळे एकमेकांशी फार गोड बोलत होते. हे घर ज्यांना ठाऊक आहे त्यांना एवढ्यावरूनच कळलं असतं की काहीतरी बिनसलंय.

निमित्त पत्राचं होतं. पाखरसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन मिळावं म्हणून कुंडलिकने दोन वर्षं चपला झिजवल्या. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या शेतकऱ्यांचा संघ उभा केला, स्वतः अध्यक्ष झाला. दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं हे खरं, पण ते तो सांगत नसे. अर्ज गेला, पेढे वाटून झाले, आणि आता मानांकनाच्या कार्यालयाने उलट विचारलं होतं की हा वाण याच भागात पिढ्यान्‌पिढ्या होतो याचा पुरावा काय, आणि नकाशा पुन्हा तपासून पाठवा. उत्तर द्यायला एकच आठवडा उरला होता.

पुरावा माजघराच्या भिंतीवर होता. मुरबाडच्या शेती प्रदर्शनाचं एकोणीसशे चौसष्ट सालचं प्रशस्तिपत्र, काचेच्या चौकटीत, देवांच्या शेजारी. दसऱ्याला देवांना फूल वाहिलं की त्यालाही एक वाहायचं, अशी या घरची रीत. आज सकाळी नम्रताने ते खिळ्यावरून उतरवलं तेव्हा मागून एक पाल पळाली आणि भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला.

नम्रता ही कुंडलिकची मुलगी. शेतकी पदवी घेतलेली, आसनगावला नोकरी करणारी, दोन दिवसांची रजा टाकून खास याच कामाला आलेली. अर्ज तिने लिहिला होता, नकाशा तिने काढला होता. आता तिने आजोबांच्या नावाचं प्रतिज्ञापत्र तयार केलं होतं. देवरामने त्यावर मुरबाडला नोटरीसमोर सही केली की काम झालं. नोटरीने चारची वेळ दिली होती. साक्षीदार म्हणून देवरामची थोरली बहीण गोजर शहापूरहून सकाळच्या एस्टीने आली होती, नवं लुगडं नेसून, कारण फोटो काढतील असं तिला कोणीतरी सांगितलं होतं.

"वाच गो, काय लिवलंस ते," गोजर म्हणाली.

नम्रताने वाचलं. "मी, देवराम नथू देसले, वय बहात्तर, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की माझे वडील कैलासवासी नथू गोविंद देसले यांनी पाखरसाळ या वाणाचं बियाणं निवडून आमच्या घरी जतन केलं..."

"कोणी?" गोजरने विचारलं.

"तुझ्या वडलांनी, आजी."

गोजरने पदर तोंडाला लावला. हसली की खोकली ते नम्रताला कळलं नाही. देवराम मात्र उठला, म्हणाला चष्मा सापडत नाही, आणि चष्मा डोळ्यांवर असतानाच आत शोधायला गेला.

"अण्णांचं काय चाललंय?" कुंडलिक चिडला. "परवा म्हणे हात दुखतोय, काल म्हणे पंचांग बघू. सहीच करायची ना? दीडशे शेतकरी माज्या तोंडाकडं बघतायत."

कुंडलिक काही वाईट माणूस नव्हता. पन्नाशी उलटेपर्यंत त्याला गावात कोणी 'देवरामचा पोरगा' याखेरीज ओळखलं नव्हतं. संघ झाल्यापासून लोक 'अध्यक्ष' म्हणायला लागले होते. असा शब्द एकदा कानाला लागला की सुटत नाही.

एवढ्यात अंगणातून हाक आली.

"द्यावा हाय का घरात?"

देवरामला 'द्यावा' म्हणणारा आता जगात एकच माणूस उरला होता. वरच्या वाडीचा नामा. ओढ्यापलीकडच्या चढावर त्याची वाडी, आणि लहानपणी दोघांनी एकत्र गुरं राखलेली. हाक ऐकून देवराम ओटीवर आला. नामाने डोक्यावरची मुडी उतरवली, म्हणजे पेंढ्यात घट्ट आवळून बांधलेलं बियाणं, आणि तो ओटीच्या पायरीवर बसला. साठ वर्षं तो त्याच पायरीवर बसत आला होता. वर ये असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं. येऊ नको असंही म्हटलं नव्हतं, आणि त्यामुळे या घराला आपण फार मोकळ्या मनाचे आहोत असं वाटत असे. सोबत त्याची नात रविना होती, मुरबाडला नर्सिंग शिकणारी.

"यंदा तुमचं तिसरं वरीस ना," नामा म्हणाला. "मी म्हनलं आज येशील, उद्या येशील. तू काय आला नायस. मंग मीच आणली."

कुंडलिकने मुडीकडे पाहिलं आणि मग रस्त्याकडे.

पाखरसाळीचं असं आहे की ती खाली खाचरात दोन वर्षं छान येते. तिसऱ्या वर्षी दाणा जाड होतो, वास जातो. मग बियाणं पुन्हा वरून, वाडीवरून आणावं लागतं. वरच्या मुरमाड चढावर ती बिघडत नाही. बियाणं तोंडाने मागायचं नाही. नारळ घेऊन जायचं, नामाच्या दारात ठेवायचा, तो न विचारता मुडी बाहेर आणतो. देसल्यांची तिसरी पिढी हे करत होती. यंदाही देवराम निघाला होता, पण कुंडलिकनेच अडवलं होतं. अर्जात आपण बियाणं घरचं म्हणून लिहिलंय, आता वर जाताना कोणी बघायला नको, असं तो म्हणाला होता. आणि देवराम थांबला होता.

"काका," रविना कुंडलिकला म्हणाली, "धसईच्या बाजारात व्यापारी बोलला, पुढल्या वर्षापास्नं वाडीचा तांदूळ पाखरसाळ म्हणून विकता येणार नाय. खरं हाय का?"

"तसं नाय गो. नाव लावायला संघात पायजे माणूस."

"मग घ्या ना आमाला संघात."

"सातबारा लागतो."

रविनाने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला. "सातबारा नाय, पण सरकारनं दिलेला जंगलजमिनीचा पट्टा हाय. आज्याच्या नावावर."

कुंडलिकने कागद हातात न घेताच वाचला. "याचं काय करू? अन नकाशातबी वाडी नाय ना. ओढ्याच्या खालीच हद्द धरलीय."

दाराआड उभ्या नम्रताचे कान तापले. ती हद्द तिने धरली होती. उपग्रहाचा फोटो एप्रिलमधला होता, ओढ्याच्या वर चढावर काळे चट्टे दिसत होते आणि ते तिने वणव्याचे समजून जंगल म्हणून सोडून दिले होते. राब होता तो. पालापाचोळा आणि शेण पसरून भाजलेली, भाताची रोपं टाकायची जागा. त्याच्या धुरात ती लहानाची मोठी झाली होती. शेतकऱ्याच्या नातीला, शेतकीची पदवी घेतलेल्या पोरीला राब ओळखता आला नव्हता, आणि हे आजपर्यंत तिच्याही ध्यानात आलं नव्हतं.

नामा कुंडलिकशी वाद घालत बसला नाही. त्याने देवरामकडे पाहिलं.

"द्यावा, तूच सांग रे. हे बरोबर हाय का?"

सगळे देवरामकडे बघायला लागले.

"सातबारा लागतो, नामा," तो म्हणाला.

शब्द तोंडातून गेले आणि ते कुठले ते त्याला आठवलं. हेच दोन शब्द त्याने बारा वर्षांचा असताना ऐकले होते, प्रदर्शनाच्या मांडवात, टेबलामागे बसलेल्या कारकुनाच्या तोंडून. ते नामाच्या बापाला सांगितले गेले होते. आज ते त्याच्या स्वतःच्या आवाजात आले.

नामाला मात्र तेवढ्यात एक वाट सुचली होती. त्याचा चेहरा उजळला.

"मंग त्यो काचेतला कागद? त्यात माज्या बाचं नाव हाय ना! नथूदादानी लावलं व्हतं. बा मरंस्तवर सांगायचा, धोंडीचं नाव देसल्यांच्या भिंतीवर हाय, काचेत, देवाच्या बाजूला. सरकारी कागद हाय त्यो. त्यो नाय चालायचा का?"

"मी बघू तो?" रविना पुढे झाली. "लहानपणापास्नं ऐकतेय. वाडीत सगळी पोरं ऐकतात. मी कधी पायला नाय."

नम्रता दारात आली, कारण चौकट तिच्याच हातात होती. ती पुढे करणार एवढ्यात देवराम म्हणाला,

"तो इथं नाय. ठाण्याला पाठवलाय, कॉपी काढायला."

नम्रता जागच्या जागी थबकली. मग ती एक पाऊल मागे गेली आणि तिने चौकट पाठीमागे धरली. आपण हे का करतोय हे कळायच्या आत तिने ते केलं होतं. चौकटीची कड तिच्या मनगटात रुतत होती. रविनाने तिच्याकडे पाहिलं, तिच्या पाठीमागे गेलेल्या हातांकडे पाहिलं, आणि नजर खाली वळवली. चोरी देसल्यांची होती आणि मान तिने खाली घातली, हे नम्रता पुढे कितीतरी दिवस विसरू शकली नाही.

"बरं, आला म्हंजे बगू," नामा म्हणाला. "काय घाई नाय."

गोजर लगबगीने आत गेली. मुडी दारात आली होती आणि तिच्यासाठी नारळ दिला नव्हता. तिने फडताळ पाहिलं, देवघर पाहिलं, तांदळाच्या डब्यात हात घातला. घरात होते नव्हते तेवढे नारळ संघाच्या मेळाव्यात पाहुण्यांच्या सत्काराला गेले होते, शालींबरोबर. ती गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"नामा, नारळ नाय रे घरात," ती म्हणाली.

"राहू दे गो गोजर. नारळ कुटं पळून जातो?" त्याने गूळ खाल्ला, पाणी प्यायला, तांब्या पायरीवर पालथा घातला आणि नातीला घेऊन निघून गेला.

तो ओढ्याकडे वळून दिसेनासा झाला. मग नम्रताने चौकट समोर धरली आणि मोठ्याने वाचली. "उत्कृष्ट भात, वाण पाखरसाळ, क्रमांक पहिला. श्री. नथू गोविंद देसले." तिने मागची बाजूही पाहिली. "आजोबा, यात धोंडीबांचं नाव कुठेय?"

"नाय," देवराम म्हणाला.

"मग ते असं का म्हणाले?"

देवरामच्या आधी गोजरने सुरुवात केली. "भात धोंडीचं व्हतं. लोंब्या बांधून त्यो अन दादा, आमचे वडील, दोघं मुरबाडला चालत गेले. हा पोरगा बरोबर व्हता. मी घरी, मना एवढंच ठावं."

"तिथं म्हणाले सातबारा लागतो," देवराम खाली बघत म्हणाला. "धोंडी परत निघाला होता. दादा म्हणाले, थांब, माज्या नावावर लाव, भात तर आत जाऊ दे. तेवढं चांगल्या मनानीच केलं रे त्यांनी. मग पयला नंबर आला. दोरीच्या पलीकडं उभा राहून धोंडी टाळ्या वाजवत होता. वाटेत त्याने विचारलं, नथू, माजं नाव लिवलं काय रे कागदावर? दादा म्हणाले, लिवलंय ना, हे काय. बोट ठेवून दाखवलं." त्याने चष्मा काढला. "मी सहावीत होतो. मना वाचता येत होतं."

कुंडलिकने मग जे म्हटलं ते सगळ्यांच्याच मनात कुठेतरी होतं.

"साठ वर्षं झाली अण्णा. दोघंही गेले. आता हे उकरून कोणाचं भलं हाय? कागद खोटा म्हंजे अर्ज खोटा. दीडशे घरांच्या तोंडचं जाईल. मानांकन मिळू दे, मग वाडीला घेऊ की आत. मी शब्द देतो."

"नंतर दुरुस्ती करता येते," नम्रता पुटपुटली. हे तिने वडलांच्या बाजूने म्हटलं की स्वतःच्या, तिलाच सांगता आलं नसतं. नकाशातली चूक झाकली जाणार होती एवढं खरं.

"अन ते कोण घेणार आत? तू?" गोजर कुंडलिकवर उसळली. "आज कागद हातात धरला नायस त्याचा!" पण पुढच्याच क्षणी ती ढिली पडली. "पर देवराम, दादांचं नाव असं सरकारी कागदावर नको रे यायला. खोटारडा म्हणून. ते गेले, त्यांना बोलता येत नाय."

देवरामने तिघांकडे पाहिलं. मुलगा, बहीण, नात. तिघंही त्याच्यावर माया करणारी होती आणि तिघंही त्याला गप्प बस म्हणत होती. त्याला राग आला नाही. साठ वर्षं तो स्वतःला हेच सांगत आला होता, यांच्यापेक्षा चांगल्या शब्दांत. दर तिसऱ्या वर्षी नामाच्या दारात नारळ ठेवताना त्याला वाटायचं, आपण फेडतोय. नुसता नारळ ठेवत होतो आपण.

"दादांना बोलता येत नाय," तो म्हणाला. "मना येतं. अन आज मी काय बोललो? ठाण्याला पाठवलाय म्हणालो. हे दादांनी नाय सांगितलं मना बोलायला."

चार वाजता नोटरीकडे कोणी गेलं नाही. कुंडलिक बाहेर जाऊन मोटरसायकल पुसत बसला, स्वच्छ होती तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवराम वाडीवर निघाला. एका हातात धसईहून आणवलेला नारळ, दुसऱ्या काखेत फडक्यात गुंडाळलेली चौकट. नम्रता त्याच्या मागून चालत होती. तिने काल संध्याकाळी नवा मसुदा लिहिला होता, नकाशाची हद्द ओढ्याच्या वर नेली होती आणि वडलांना नुसतं दाखवलं होतं. कुंडलिकने संघाचा शिक्का टेबलावर ठेवला होता. चढावर राबाची राख अजून काळी होती. नम्रता त्यावर पाय न ठेवता कडेकडेने गेली.

नामाच्या अंगणात ते पोचले तेव्हा कागद आल्याची बातमी त्यांच्या आधी पोचली होती. बायका कामं टाकून आल्या. नामाने हात धुतले, सदरा घातला, घरातून घोंगडी आणून अंथरली आणि देवरामला तिच्यावर बसवलं. पायरीवर नव्हे, घोंगडीवर.

"आणलास? ठाण्यास्नं लवकर आला की!" तो म्हणाला. "बगा रे पोरांनो, आपल्या बाचं नाव. द्यावा, वाच. मोठ्यानी वाच."

देवरामने फडकं सोडलं. काचेत त्याला स्वतःचंच तोंड दिसलं. क्षणभर, अगदी क्षणभरच, त्याच्या मनात आलं की धोंडीचं नाव वाचून टाकावं. नामाला वाचता येत नाही. इतकं सोपं होतं ते. मग समोर उभी असलेली रविना दिसली. ती कागदाकडे बघतच नव्हती, त्याच्याकडे बघत होती.

"नथू गोविंद देसले," त्याने वाचलं. आणि मग, "नामा, यात धोंडीबाचं नाव नाय. कधीच नव्हतं."

नामाने चौकट घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. काचेवरून बोट फिरवलं.

"म्हंजे," तो हळूच म्हणाला, "माजा बा खोटं बोलायचा?"

देवराम कशालाही तयार होऊन आला होता. शिवीला, मुडी परत मागण्याला. याला तयार नव्हता. नामाच्या मनात दुसरं काही आलंच नव्हतं. खोटं असेल तर आपल्याच बापाचं असेल.

"नाय रे नामा! नाय!" देवराम घोंगडीवरून उठून मातीत बसला. "तुजा बा खरं बोलला. त्याला जे सांगितलं ते बोलला. माज्या दादांनी बोट ठेवून खोटं दाखवलं. मी बाजूला उभा होतो. मना वाचता येत होतं, नामा. मी बोललो नाय. कालबी कागद घरातच होता." बहात्तर वर्षांचा माणूस, नातीसमोर, अख्ख्या वाडीसमोर, तोंडात फडकं कोंबून रडला.

कोणी त्याला उगी केलं नाही. नम्रतानेही नाही. तिने आपला कागद पुढे केला आणि कसंबसं सांगितलं की आजोबांनी हे सगळं खरं लिहून दिलंय, नकाशा बदललाय, पट्ट्यावर सभासद घ्यायचंही लिहिलंय, नामाआजोबांची सही लागेल. नकाशातली चूक आपली होती हेही तिने सांगितलं. मग ती कागद वाचायला लागली. "मी, देवराम नथू देसले, सत्यप्रतिज्ञेवर..."

"थांब," नामा म्हणाला.

तो रागावलेला दिसत नव्हता. फक्त फार दमलेला दिसत होता. त्याने चौकट फडक्यात नीट गुंडाळली, काच फुटू नये अशी, आणि देवरामच्या पुढ्यात ठेवली. नारळ होता तिथेच होता. त्याने तो उचलला नाही, परतही दिला नाही.

"सही करंन मी. मना सही येते, रविनानी शिकवलीय. पर तुमी वाचायचं नाय," तो म्हणाला. "तुमच्या वाचण्यावर आमी साठ वरसं राह्यलो. रविना वाचंल."

रविनाने नम्रताच्या हातातून कागद घेतला. पहिल्या ओळीपासून सुरुवात करून तिने प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत वाचलं. धोंडीचं नाव आलं तिथे ती थांबली, आजाचा हात धरला आणि त्याचं बोट त्या नावावर ठेवलं.